साठ ओहम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्रीच्या गदारोळात वायरिंगवाल्यांचे गाळे चटकन सापडत नाहीत, विचारत विचारत जावं लागतं. मी ज्या गाळ्यात बसलो होतो त्याच्यावर पाटीसुद्धा नाही. आजूबाजूचे सगळे मालकाला मामा म्हणतात, म्हणून इथेही मामाच. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांना जेवायला सवड नसते. पावसाळाभर भिजलेल्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या गाड्या लोक गावाला निघण्याआधी दाखवायला आणतात. बॉनेट उघडलं की कुणाच्या गाडीत डांबरगोळ्या निघतात, कुणाच्या गाडीत तंबाखूच्या पुड्या. उंदीर दोन्हींना जुमानत नाहीत, असा मामांचा अनुभव आहे.

त्या सकाळी गडहिंग्लजकडून आलेली सात वर्षांची हॅचबॅक उभी होती. मालक शाळेत शिक्षक. डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा, स्टिअरिंगचा पिवळा दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा, तिन्ही एकदम. मामांच्या पोरानं स्कॅनर लावला आणि वाचून दाखवलं, "यू झीरो वन टू वन." इंजिनच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या संगणकात, हाच कोड, स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये हाच, डॅशबोर्डच्या मीटरमध्येही हाच. एबीएसचं मॉड्यूल मात्र स्कॅनरला उत्तरच देईना.

गुरुजींकडे एका सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट होतं. त्यात एबीएस मॉड्यूल बदलायचं लिहिलं होतं आणि रक्कम पाच आकडी होती. गाडी इतक्या खर्चाची उरली आहे का, हाच विचार करत ते इथवर आले होते.

या कोडांना एक शिस्त असते. पीनं सुरू होणारा कोड इंजिन आणि गिअरबॉक्सचा, सीचा ब्रेक-स्टिअरिंगचा, बीचा बॉडीचा. एअरबॅगही बीमध्येच मोडते. यूचा कोड कुठल्याच पार्टचा नसतो. गाडीतली मॉड्यूलं एकमेकांशी जे बोलतात त्यात खंड पडला, एवढंच तो सांगतो. यू०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. यू०१५१ म्हणजे एअरबॅगच्या मॉड्यूलशी तुटला, यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी. यात एक गोम आहे आणि पाच आकडी एस्टिमेटं तिथूनच जन्माला येतात. कोड ज्याच्या नावाचा असतो, त्यानं तो लिहिलेला नसतो. इंजिननं लिहिलं की एबीएसचा आवाज येत नाही. स्टिअरिंगनंही तेच लिहिलं. एबीएस का गप्प आहे हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही. ते जळलेलं असू शकतं, त्याची वायर तुटलेली असू शकते किंवा त्याला करंट पोचत नसेल. तिन्हींचा कोड एकच.

म्हणून मामांनी स्कॅनर बाजूला ठेवायला सांगितला आणि गुरुजींना विचारलं, "सर, दिवे चावी फिरवल्या फिरवल्या येतात, का गाडी हलल्यावर?"

गुरुजी म्हणाले, "चावी लावली की सगळे लागतात आणि विझतात, नेहमीसारखे. गल्लीतून बाहेर पडून रस्त्याला लागलो, की मग येतात."

"आणि आल्यावर?"

"मग गाडी बंद करेपर्यंत जात नाहीत."

मामांनी मान हलवली. निम्मं निदान इथेच झालं होतं. पण ते समजायला ही मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात कशी, ते आधी पाहायला हवं.

ऐंशीच्या दशकापर्यंत गाडीत जेवढ्या गोष्टी एकमेकींना कळवायच्या तेवढ्या वायरी टाकत. इलेक्ट्रॉनिक वस्तू वाढल्या तसा वायरींचा जुडगा मनगटाएवढा जाड झाला. जर्मनीतल्या बॉश कंपनीत १९८३मध्ये यावर काम सुरू झालं. फेब्रुवारी १९८६मध्ये डेट्रॉइटच्या वाहन अभियंत्यांच्या परिषदेत उवे कीन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. तिचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, आपल्याकडच्या गॅरेजांत कॅन लाइन. पुढच्याच वर्षी इंटेलनं तिची पहिली चिप काढली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसली आणि १९९३मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून तिच्यावर शिक्का बसला.

कॅन लाइन म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या फक्त दोन वायरी, हाय आणि लो. गाडीतलं प्रत्येक मॉड्यूल त्याच दोन वायरींवर लटकलेलं असतं. एक बोलतं आणि बाकीची सगळी ऐकतात. कुणी बोलत नसतं तेव्हा दोन्ही वायरींवर अडीच व्होल्ट असतात. बोलताना हाय साडेतीनपर्यंत चढते आणि लो दीडपर्यंत उतरते. ऐकणारा फक्त दोन्हींतला फरक मोजतो. प्लगच्या किंवा अल्टरनेटरच्या जवळून जाताना बाहेरचा त्रास झाला तर तो पिळामुळे दोन्ही वायरींना सारखाच होतो आणि फरक तेवढाच राहतो. गाडीसारख्या विजेच्या कल्लोळात सेकंदाला पाच लाख बिटं बिनचूक जातात ती या पिळामुळे. दोन मॉड्यूलं एकाच वेळी बोलू लागली तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान त्याचा मान पहिला. दुसरं मध्येच थांबतं आणि मागून पुन्हा बोलतं.

मला सर्वांत आवडला तो या पद्धतीतला स्वतःच्या चुका मोजण्याचा नियम. प्रत्येक मॉड्यूल आपला संदेश बिघडला की स्वतःच्या खात्यात आठ गुण वाढवतं, नीट गेला की एक कमी करतं. आकडा २५५च्या पुढे गेला की ते आपण होऊन लाइनवरून बाजूला होतं, म्हणजे इतरांच्या बोलण्यात त्याचा गोंधळ नको. टीव्हीवरच्या चर्चांना हा नियम लावला तर पडद्यावर निवेदकसुद्धा उरायचा नाही.

हे सगळं पूर्वी महागड्या गाड्यांपुरतं होतं. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग आणि सीटबेल्टची आठवण देणारी घंटा आली, २०२२पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग. म्हणजे तीन-चार वर्षांत ही मॉड्यूलं सर्वांत स्वस्त मोटारीतही पोचली आणि त्यांचे बिघाड तालुक्याच्या गॅरेजात. कायदा आला, गाड्या आल्या. दुरुस्ती करणाऱ्याला हे शिकवायचं कुणी, याचा विचार कुठल्याच अधिसूचनेत नव्हता.

मामांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि दोन मिनिटं जाऊ दिली. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये, सहा आणि चौदा नंबरच्या पिनांना मल्टिमीटरची टोकं लावली. मीटरनं साठ दाखवले.

हा आकडा या धंद्यात पाठ असावा लागतो. कॅन लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. समांतर जोडलेले दोन १२० म्हणजे ६०. मीटरनं १२० दाखवले तर एक टोक तुटलं आहे. शून्याजवळ आला तर हाय आणि लो कुठेतरी चिकटल्या आहेत, बहुधा उंदरानं सोलल्यात. चाळीस आला तर लाइनीवर तिसरा रेझिस्टर घुसलाय, कुणीतरी दुसऱ्या मॉडेलचं मॉड्यूल आणून बसवलंय. मामांकडे एकदा चाळीसवाली गाडी आली होती. चार गॅरेजं फिरून आलेली, प्रत्येकानं एकेक पार्ट बदललेला.

साठ आले म्हणजे सगळं छान, असा मात्र अर्थ होत नाही. तिथे नवशिकी पोरं फसतात. साठ म्हणजे मुख्य लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत. या गाडीत एबीएस मुख्य लाइनीतून निघालेल्या फाट्यावर आहे. तो फाटा तुटला तरी मीटर साठच दाखवणार. मामांनी पोराला विचारलं, "कुणी कुणाची तक्रार केलीय?" पोरानं मोबाइलमधला फोटो दाखवला. कोड उडवण्याआधी सगळ्या मॉड्यूलांच्या कोडांचा फोटो काढायचा, हा गाळ्याचा नियम आहे. सगळे एकाचीच तक्रार करत असतील आणि तो स्वतः गप्प असेल, तर दोष त्याच्या फाट्यात किंवा त्याच्या सप्लायमध्ये. एकटाच सगळ्यांची तक्रार करत असेल तर तोच लाइनवरून तुटलाय, बाकीचे मजेत आहेत. सगळे सगळ्यांची तक्रार करत असतील तर मुख्य लाइन बघायची. कोड आल्या आल्या उडवून टाकला की ही साक्ष पुसली जाते. पुष्कळ ठिकाणी नेमकं तेच पहिल्यांदा करतात आणि दिवा विझला म्हणून गिऱ्हाइकाकडून पैसेही घेतात.

मामांनी बॅटरी परत जोडली. एबीएसचा मोठा कपलर काढून सप्लायच्या पिना मीटरनं तपासल्या. १२.४ व्होल्ट. पोरगा म्हणाला, "करंट तर आहे की, मामा." मामांनी कपाटातून टेस्ट लॅम्प काढला. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी आणि टोकाला दोन टाचण्या. मॉड्यूलला जो प्लस आणि जी अर्थ, म्हणजे बॉडीतून येणारी मायनस जोडणी, मिळते त्याच दोन पिनांवर बल्ब लावला. बल्ब पिवळट मिणमिणला. मीटर तिथेच लावून ठेवला होता, तो १२.४वरून सात-साडेसातावर आला. मग बल्बचं एक टोक एबीएसच्या अर्थपिनेवरून काढून थेट बॅटरीच्या मायनसला धरलं. बल्ब पांढराफटक पेटला. म्हणजे प्लस ठीक होता, अर्थ खराब होती.

मीटर खोटं बोलत नव्हता. तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. बल्ब जवळपास पावणेदोन अँपिअर ओढतो. एबीएसचा पंप तर त्याच्या कित्येक पटींनी ओढतो, त्याचा फ्यूज चाळीस अँपिअरचा होता. आता गुरुजींच्या उत्तराचा अर्थ लागला. गाडी सुटून दहा-पंधराच्या वेगावर आली, की एबीएस स्वतःची परीक्षा घेण्यासाठी पंप क्षणभर फिरवून बघतं. लक्ष दिलं तर बारीक घर्र असा आवाजही येतो. त्या क्षणी खराब अर्थमुळे व्होल्टेज कोसळतं आणि मॉड्यूल झोपतं, ते गाडी बंद करेपर्यंत. दर काही मिलिसेकंदांना येणारा चाकांच्या वेगाचा संदेश थांबतो, इंजिन आणि स्टिअरिंग कोड लिहितात आणि डॅशबोर्डचा मीटर दिवे लावतो. गाडी हलेपर्यंत काहीच दिसत नाही.

मामा गुरुजींना म्हणाले, "सर, मॉड्यूल मेलेलं नाही. उपाशी आहे."

अर्थपॉइंट बॅटरीच्या ट्रेखाली होता. कधीतरी बॅटरीचं ॲसिड ओघळलेलं, त्यावर पावसाळी चिखल. थिंबल हिरवंपांढरं झालं होतं आणि नट बोटानं फिरत होता. पोरानं पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, थिंबल नवीन दाबून बसवलं, नट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासलं. स्कॅनरवर एबीएसनं उत्तर दिलं. आत त्याचा स्वतःचा कोड निघाला. सप्लाय व्होल्टेज कमी. बिचारं बऱ्याच दिवसांपासून हेच सांगू पाहत असावं. रंकाळ्यापर्यंत चक्कर झाली, दिवे आले नाहीत. मामांनी सहाशे रुपये घेतले.

सर्व्हिस सेंटरमध्ये नुसते लुटारू बसलेत असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तिथला तंत्रज्ञ जे करतो ते त्याच्या जॉबकार्डात लिहिलेलं असतं. मॉड्यूल बदलण्याचा मजुरीचा आकडा ठरलेला असतो. दोष शोधायला तीन तास गेले आणि शेवटी एक नट आवळला, तर त्याचे पैसे गिऱ्हाईक आनंदानं देत नाही. 'नुसता नट आवळला' हे वाक्य मामांनीही पुष्कळदा ऐकलंय. शोधण्याला किंमत नाही आणि बदलण्याला आहे, मग सगळे बदलतात. काही वेळा नव्या मॉड्यूलसाठी कपलर काढून परत बसवल्यामुळे किंवा अर्थ हलल्यामुळे दिवा जातोही, आणि सगळ्यांना वाटतं पार्टच खराब होता.

दुसरी अडचण कागदाची. मामांच्या टॅबमध्ये वायरिंग डायग्रामच्या शेकडो फायली आहेत. बऱ्याचशा कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेल्या, काहींवर रशियन अक्षरं. कुठली वायर कुठल्या कपलरमधून जाते आणि अर्थपॉइंट कुठे आहे, ही माहिती अशी चोरूनमारून मिळवावी लागते. हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथ डोंगल इंजिनचे धुराशी संबंधित कोड वाचतो, कारण तेवढे खुले ठेवण्याची प्रदूषणाच्या नियमांची सक्ती आहे. एबीएस आणि एअरबॅगपर्यंत तो सहसा पोचत नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग, तपासणीची साधनं आणि माहिती मिळू न देणं हे स्पर्धेला मारक आहे, असं आयोगाचं म्हणणं होतं. प्रकरण अपिलांत गेलं. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनंही आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी हा हक्क २०१२मध्येच मतपेटीतून मिळवला होता. सुरक्षेच्या मॉड्यूलांना कुलूप असावं, हे मला पटतं. कुणीही उठून एअरबॅगचं प्रोग्रॅमिंग बदलू नये. पण अर्थपॉइंट कुठे आहे हे गुपित ठेवून कुणाची सुरक्षा वाढते, ते कळत नाही.

गुपिताइतकाच ताप वरून लावलेल्या वस्तूंचा. भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या वाहनांना जीपीएस ट्रॅकर लावणं आता बंधनकारक आहे. बसवणारा काही वेळा घाईत कॅन लाइनीतूनच जोड घेतो. वायर सोलायची, गुंडाळायची आणि वर काळी टेप. दोन पावसाळे गेले की तिथून लाइन जाते. अशा वेळी बॅटरी जोडून, चावी लावून सहा आणि चौदा नंबरच्या पिना वेगवेगळ्या तपासायच्या. सगळं ठीक असेल तर हाय अडीचच्या जरा वर, लो अडीचच्या जरा खाली. लो शून्यावर बसली असेल तर ती बॉडीला टेकलीय. दोन्ही भलतंच काही दाखवत असतील तर एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर लाइन जागी होते, चोर तिथे. दुरुस्त करताना पीळ सोडायचा नाही, दोन्ही जोड एकाच जागी घ्यायचे नाहीत, डाग द्यायचा आणि स्लीव्ह तापवून बसवायची. मामांचा पोरगा डाग देताना मी बघत होतो. त्यानं आधी स्लीव्ह सरकवून ठेवली, जोड गरम केला, मग वायरीला शिसं लावलं. थेट टोकावर शिसं वितळवून थापलं नाही. हे त्याला आयटीआयमध्ये शिकवलं नव्हतं, इथे शिकला.

एबीएसवर जो बल्ब देवासारखा उपयोगी पडला, तो एअरबॅगच्या वायरीला लावला तर माणूस जखमी होऊ शकतो. एअरबॅगचे कपलर पिवळे असतात ते त्यासाठीच. आत जो पेटवणारा भाग आहे त्याचा रोध साधारण दोन ओहम, आणि थोडासा करंट त्याला पुरतो. मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही. मायनस काढून काही मिनिटं थांबायचं, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग फुटावी म्हणून मॉड्यूलमध्ये ऊर्जा साठवलेली असते. कपलर वेगळा केला की आतली एक पत्ती दोन्ही पिना आपोआप जोडते, म्हणजे चुकून करंट गेला तरी बॅग फुटू नये. सीट कव्हर बसवणारे सीटखालचा पिवळा कपलर ओढतात, झाडू मारणारेही ओढतात. एअरबॅगच्या दिव्याचं हे नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग. ती गुंडाळलेली चपटी पट्टी असते, वर्षानुवर्षं फिरून तिच्या आतली तार तुटते. या दोन्हींचा कोड बीचा असतो.

यू०१५१ आला तर बॅग फुटणार नाही असं समजू नये, आणि फुटेल असंही धरून चालू नये. धडक ओळखण्याचं काम एअरबॅगचं मॉड्यूल स्वतः करतं, पुढचे सेन्सर त्याला थेट जोडलेले असतात. निर्णयाला काही मिलिसेकंदच असतात, तिथे कॅन लाइनवर रांग लावायला वेळ नसतो. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र बऱ्याच गाड्यांत मीटर लावतो. एअरबॅगकडून 'मी ठीक आहे' हा संदेश आला नाही की तो आपणहून दिवा पेटवतो. लागलेला दिवा कधी बिघाड असतो, कधी नुसती शांतता. न लागणारा दिवा मात्र संशयास्पद. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझलाच पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढलाय. सीटबेल्टची घंटा बंद करायला नुसती क्लिप घालणारा आपला देश आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३मध्ये आदेश दिल्यावर ऑनलाइन दुकानांतून अशा क्लिपांच्या १३ हजारांहून अधिक जाहिराती काढाव्या लागल्या.

दुपारी आलेल्या सेडानचा दिवा नीट लागत होता, नीट विझत होता. मालकानं ती तीन महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली होती आणि आला होता एसीसाठी. मामांचा पोरगा सवयीनं सगळी मॉड्यूलं वाचून काढतो. एअरबॅगच्या मॉड्यूलमधला चासी नंबर आणि दाराजवळच्या पट्टीवरचा चासी नंबर जुळेना. मामांनी मायनस काढला, चहा मागवला, मग स्टिअरिंगचं पॅड उघडलं. आत बॅग नव्हती. पिवळ्या वायरींच्या टोकांना टेपमध्ये गुंडाळलेला दोन ओहमचा रेझिस्टर होता. मॉड्यूल चाचणी घ्यायचं, त्याला दोन ओहम मिळायचे आणि ते दिवा विझवायचं. गाडी केव्हातरी ठोकलेली, बॅग फुटलेली. नवीन बॅगेऐवजी काही रुपयांचा रेझिस्टर आणि भंगारातलं मॉड्यूल.

मालक बराच वेळ फोनवर विकणाऱ्याशी भांडला. मग म्हणाला, "आत्ता एसीचं तेवढं करा, बाकीचं बघू नंतर."

"एसीचं करतो," मामा म्हणाले. रेझिस्टर त्यांनी परत जोडला नाही, त्यामुळे एअरबॅगचा दिवा आता सतत लागलेला होता. मालकाला ते आवडलं नाही. मामांनी बिलावर एसीच्या गॅसखाली दुसरी ओळ लिहिली, 'चालकाची एअरबॅग नाही, गिऱ्हाइकास दाखवले', आणि त्याच्यासमोर सहीसाठी पेन धरलं.